बहुमताची बुरशी

“हात लावू नका, आधी नुसतं बघा,” शाळिग्राम सर म्हणाले आणि स्वतः हात लावला.

सुरूच्या बुंध्याला, वाळूपासून वीतभर उंचीवर, बुरशीच्या फळ्या एकावर एक बाहेर आल्या होत्या. वरून लाखेचा हात दिल्यासारख्या चकचकीत, तांबूस तपकिरी. कडेला पांढरी किनार. खालची बाजू सायीसारखी. सरांनी वाकून सर्वांत मोठ्या फळीच्या खालच्या बाजूला काडीने ‘निसर्गवेडे’ असं कोरलं. पांढऱ्यावर तपकिरी अक्षरं उमटली. भोवती जमलेल्या तीसेक हिरव्या टोप्यांनी “अरे वा” केलं. टोप्यांवरही ‘निसर्गवेडे’ असंच छापलेलं होतं.

मी मागे सोलकढीच्या पेल्यांचं ताट घेऊन उभी होते.

घर माझ्या थोरल्या बहिणीचं, विजूताईचं. गुहागरच्या खाली, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीत. घर आणि किनारा यांच्या मध्ये तिच्या सासऱ्यांनी वारा अडवायला लावलेलं सुरूचं बन होतं. ताई आणि भावोजींनी त्या वर्षी पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती, आणि पुण्याहून आलेलं हे त्यांचं पहिलं मोठं शिबिर. निळे तंबू सकाळीच बनात लागले होते, त्यातले निम्मे या सर्वांत मोठ्या झाडाच्या भोवती, कारण त्याला झोपाळा होता. शाळिग्राम सर विमा कंपनीतून निवृत्त होऊन निसर्गाकडे वळले होते. वर्तमानपत्रात त्यांचं सदर होतं. त्यांना जागा आवडली तर ते दर महिन्याला शिबिर आणणार, आणि सदरात नाव आलं तर मग बघायलाच नको, हे भावोजी मला आल्यापासून ऐकवत होते. मी सुटीवर आले होते. एरवी मी कृषी महाविद्यालयात वनस्पतींचे रोग शिकवत असे.

“आता ओळखायची कशी?” सरांनी झोळीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. “माझ्या चिरंजीवाने सिॲटलहून पाठवलंय. यात प्रश्न विचारत विचारत पुढे जायचं. चुकायला वावच नाही. पहिला प्रश्न: झाड सुयांचं की पानांचं?”

“सुयांचं!” टोप्या एका सुरात म्हणाल्या.

“म्हणजे सूचिपर्णी. देवदार, पाइन यांच्या कुळातलं. बरं, बुरशी चमकदार की निस्तेज?”

“चमकदार!”

“रंग?”

“लाल!” “तपकिरी!” “विटकरी हो, विटकरी!”

“लाल धरू या.” सरांनी पान उलटलं, बोट फिरवलं आणि चेहरा उजळला. “सापडली. लाल पट्ट्याची बुरशी! हिमालयात बघायला लोक हजारो रुपये घालवतात, आणि आपल्याला कोकणात, झोपाळ्याखाली! पुस्तक म्हणतं, मेलेल्या लाकडाची माती करणारी. म्हणजे जंगलाची सफाई कामगार. झाडाची खरखरीत साल खाऊन त्याला स्वच्छ ठेवते.”

शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं. ते सरांचं होतं.

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले.

“सुरू सूचिपर्णी नाही,” मी म्हटलं.

सगळ्या टोप्या वळल्या. कोणीतरी ताटातला पेला उचलला.

“काय म्हणालात?”

“सुरू सूचिपर्णी नाही. त्याला फुलं येतात. या सुया म्हणजे पानं नव्हेत, डहाळ्या आहेत.” मी ताट झोपाळ्यावर ठेवलं, एक ‘सुई’ तोडली आणि पेरावर ओढली. ती सांध्यातून सुटली. “हे सांध्यावर दातेरी कडं दिसतंय ना? ही त्याची पानं. तुमच्या पुस्तकात सुरू नाहीच. सिॲटलला तो औषधालाही सापडायचा नाही. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर चुकलं, तेव्हा पुढचं वाचून उपयोग नाही.”

“बाई, सुई ती सुई,” सर हसले. टोप्याही हसल्या. “आणि मग तुमच्या मते ही काय आहे?”

“गॅनोडर्मा. ही साल खात नाही, मुळं खाते. फळ्या बाहेर दिसायला लागतात तोवर आतलं काम उरकत आलेलं असतं. शेंडा बघा, विरळ झालाय, पिवळा पडलाय. हे झाड पडणार आहे. त्याच्याखाली झोपू नका.”

“तुम्ही मशरूममधल्या का?”

“झाडांच्या रोगांमधली.”

“अच्छा!” सर टोप्यांकडे वळले. “म्हणजे डॉक्टरीणबाई. डॉक्टरांकडे गेलं की कसं, काही ना काही निघतंच!”

या वेळचं हसणं जास्त मोकळं होतं. हसताना सगळ्यांनी एकदा वर शेंड्याकडे बघून घेतलं, तेवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

“वाद नको,” सर म्हणाले. “आपलं शिबिर लोकशाही आहे. हात वर करून ठरवू. ज्यांना वाटतं ही लाल पट्ट्याची बुरशी आहे, त्यांनी हात वर करा.”

मी शिकवायला लागल्यापासून विद्यार्थ्यांचा बराच मूर्खपणा पाहिला होता. परीक्षेत ताडाला फांद्या काढणारे पाहिले होते. पण बुरशीची जात मतदानाने ठरताना पहिल्यांदाच पाहत होते.

शैला परांजपे नावाच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई पुढेच होत्या. त्यांनी विचारलं, “सर, दोन्ही नसली तर?”

“असं कसं, शैलाताई? दोनच उमेदवार आहेत.”

“तटस्थ राहिलं तर चालेल का?” मागून एक गृहस्थ.

“निसर्गाच्या बाबतीत तटस्थ राहायचं नाही, कुलकर्णी.”

कुलकर्ण्यांनी हात वर केला. शैलाताईंनी केला. एकेक करून सगळे हात वर गेले. आणि मग मला ताई दिसली. ती स्वयंपाकघरातून बोलवायला आली असणार, जेवणं वाढली होती. तिच्या उजव्या हातात डाव होता. तिने तो डाव्या हातात घेतला, आणि उजवा हात वर केला.

“यजमानीणबाईसुद्धा!” सर म्हणाले. “एकमताने मंजूर.”

जेवणं झाल्यावर मी ताईला मागच्या पडवीत गाठलं. ती नारळ खवत होती.

“तंबू हलव, ताई.”

“कुठे हलवू? अंगण सारवून घेतलंय, रात्री तिथे पंगत आहे.”

“पंगत बनात घाल आणि तंबू अंगणात घे. जेवताना माणसं जागी असतात, पळता तरी येतं.”

“कुंदे, जरा गप्प बसता येत नाही का तुला? ती माणसं पैसे देऊन आलीत. सर त्यांचे गुरू आहेत.”

“गुरू! साधी पेरं ओढून बघता येत नाहीत त्याला. आपण सातव्या वर्षी ओढत होतो.”

“हळू बोल.”

“रात्री वारा सुटला की संपलं. झाड तंबूंवरच पडेल. माणसं मरतील, ताई. तुला समजतंय का?”

“समजतंय,” ती म्हणाली आणि खवणीवरची वाटी फिरवली. “सगळं समजतं मला. तू आलीस की मला सगळं समजवूनच जातेस.”

भावोजी दारात उभे होते. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि विहिरीवर काहीतरी काम असल्यासारखे निघून गेले.

मी सगळ्यात धाकटी फळी कोयत्याने कापून आणली होती. ती पांढऱ्या कागदावर पालथी न करता, जशी झाडावर होती तशीच ठेवली आणि वरून पातेलं उपडं घातलं. बुरशी खालच्या छिद्रांतून बीजाणू सोडते. रात्रभर ठेवायची पद्धत आहे, पण ही ऐन भरात होती. चहाच्या वेळेपर्यंत कागदावर पुसट, कोकोच्या भुकटीसारखा डाग पडला होता. लाल पट्ट्याच्या बुरशीचे बीजाणू फिकट, जवळजवळ पांढरे असतात. त्यांच्याच पुस्तकात लिहिलेलं होतं. मी कागद आणि पुस्तकातलं पान दोन्ही सरांसमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. कागद तिरपा धरला, सरळ धरला, वास घेतला.

“पातेलं कशाचं होतं?”

“कशाचं म्हणजे?”

“चहाचं ना? चहाचा डाग आहे हा.”

“पातेलं कोरडं होतं. डाग फळीच्या आकाराचा आहे. इथे बघा, छिद्राछिद्रांची नक्षी उमटलीय.”

“मग लाल माती असेल. कोकणात माती कशी, हवेत असते. त्यात बीजाणू-बिजाणू शोधायचे म्हणजे...” त्यांनी कागद शैलाताईंकडे दिला. शैलाताईंनी कुलकर्ण्यांकडे. कुलकर्ण्यांनी त्यावर कप ठेवला.

मला राग आला नाही. अज्ञानाचा येत नाही. पण अज्ञानाला टोपी घालून, नाव छापून मिरवणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं, त्याला राग म्हणणं म्हणजे त्यांचा मान वाढवणं होईल. मी कप उचलून कुलकर्ण्यांच्या हातात दिला आणि सरांना विचारलं, “संध्याकाळी तुमचे खेळ आहेत ना? रस्सीखेच?”

“आहे की.”

“मग तुम्ही सगळे एका बाजूला आणि झाड एका बाजूला. दोर झाडाच्या वरच्या फांदीला. तीस माणसांनी ओढून झाड हललं नाही, तर तंबू तिथेच राहू देत. मी सर्वांसमोर तुमची माफी मागेन आणि उद्या पहिल्या गाडीने परत जाईन.”

शास्त्राच्या दृष्टीने यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. निरोगी झाडही कधी पडतं, कुजलेलंही कधी उभं राहतं. आणि पडलं तरी बुरशीचं नाव त्याने ठरत नाही. पण त्यांच्या पद्धतीत माझं शास्त्र बसत नव्हतं. दोर बसत होता.

“आणि हललं तर?” सरांनी विचारलं.

“तर माफी मागू नका. फक्त तंबू हलवा.”

टोप्यांना कल्पना फार आवडली. “सर, होऊन जाऊ द्या!” “सुरूला काय होतंय!” एकाने बाह्या सुद्धा वर केल्या. ताई पडवीच्या खांबाला टेकून उभी होती.

झाडावर मी कोणाला चढू दिलं नाही. भावोजींनी कोळ्यांकडून होडीचा लांब दोर आणला. त्याच्या टोकाला सुतळी आणि सुतळीला दगड बांधून त्यांनी तो फांदीवरून फेकला. दोनदा दगड परत त्यांच्याच अंगावर आला, “भावोजी, निसर्ग नको म्हणतोय!” असं कोणीतरी ओरडलं, तिसऱ्यांदा तो बरोबर बेचक्यात बसला. झोपाळा सोडला. भोवतालचे तंबू रिकामे केले. दोर समुद्राच्या दिशेने, ओल्या वाळूपर्यंत नेला. मी झाडाच्या उंचीचा अंदाज घेऊन वाळूत टाचेने रेघ मारली आणि कोणीही या रेघेच्या आत यायचं नाही, असं सांगितलं.

“बाई, झाड काय आमच्या अंगावर येणार आहे?” शैलाताई दोर धरता धरता हसल्या.

“रेघेच्या बाहेर राहिलात तर नाही येणार.”

सर दोराच्या सर्वांत पुढे उभे राहिले, फोटोत नीट येतील असे. “एक, दोन, साडेमाडे...”

पहिल्या ओढीला काही झालं नाही. शेंडा थोडा डुलला. टोप्यांनी जल्लोष केला. सरांनी माझ्याकडे मान वळवून दोन्ही भुवया उंच केल्या.

दुसऱ्या ओढीला बुंध्याजवळची वाळू फुगली.

ती मला दिसली, भावोजींना दिसली, आणि पडवीतून खाली उतरून आलेल्या ताईला दिसली. ओढणाऱ्यांना दिसली नाही. ते डोळे मिटून ओढत होते. तिसऱ्या ओढीला जमिनीतून ओलं कापड फाटल्यासारखा आवाज आला, दोर एकदम सैल पडला आणि तीस निसर्गवेडे एकमेकांच्या अंगावर वाळूत पालथे-उताणे झाले. झाड सावकाश आलं. फांद्यांमधून हवा जाताना लाटेसारखा आवाज झाला, आणि शेंडा रेघेच्या बराच अलीकडे आपटला. मागे बुंध्याशी वाळूचा आणि मुळांचा एक भला मोठा गड्डा उभा राहिला. त्याच्याबरोबर तीन तंबू मेखांसकट उपटले जाऊन उलटे लटकत होते.

मग शैलाताई रडायला लागल्या.

“आपण मारलं त्याला,” त्या म्हणाल्या. “जिवंत होतं हो!”

मी मुळाचा एक तुकडा घेऊन त्यांना दाखवायला गेले. मूळ मनगटाएवढं जाड होतं, पण बोटांनी दाबलं की भिजलेल्या सुंभासारखं तंतू तंतू होत होतं. त्यांनी तोंड फिरवलं. सर उठले, टोपी काढली, आणि वाळू न झटकताच घोगऱ्या आवाजात म्हणाले, “वृक्षासाठी दोन मिनिटं शांतता पाळू या.”

सगळ्यांनी टोप्या काढल्या. माना खाली घातल्या. तासाभरापूर्वीपर्यंत त्या झाडाखाली झोपायला निघालेली तीस माणसं त्या झाडाला श्रद्धांजली वाहत होती, आणि उलटे टांगलेले स्वतःचे तंबू त्यांच्यापैकी एकाच्याही नजरेत येत नव्हते.

शांतता संपल्यावर सर माझ्याजवळ आले. पुस्तक बगलेत होतं.

“गॅनोडर्मा,” ते हळूच म्हणाले, चव घेतल्यासारखे. मग मागे वळून मोठ्याने, “मंडळी, ही गॅनोडर्मा! मला सकाळपासून शंका होतीच. म्हणून तर मी या प्रयोगाला परवानगी दिली. एखाद्याने हट्टाने नाही म्हटलं असतं, तर आज रात्री काय झालं असतं, विचार करा!”

मंडळींनी विचार केला आणि टाळ्या वाजवल्या. शैलाताईंनी डोळे पुसत वाजवल्या.

“याचा काढा करतात ना, बाई?” सरांनी पुन्हा आवाज खाली आणला. “गुडघ्यांवर गुण येतो म्हणतात. एकदोन फळ्या नेल्या तर?”

“लोक करतात,” मी म्हटलं. “घेऊन जा.”

त्यांनी त्या रुमालात बांधून घेतल्या. ‘निसर्गवेडे’ लिहिलेली सुद्धा.

तंबू अंगणात आले. पंगत बनाच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या आभाळाखाली झाली. पंगतीत कुलकर्णी प्रत्येकाला सांगत होते की दोराला खरा जोर त्यांच्या बाजूने होता. ताईने सर्वांना आग्रह करकरून वाढलं. माझ्या पानात आमटी वाढताना ती थांबली नाही.

सकाळी शिबिर किनाऱ्यावर शंखशिंपले ओळखायला गेलं, तेव्हा ती गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“चल. बाकीची बघू.”

आम्ही बनाच्या एका टोकापासून सुरुवात केली. मी वाकून बुंधा बघायचे, बोटाने वाळू उकरायचे, आणि म्हणायचे, “हे.” ती फुली मारायची. “हे नाही. हे. याची मुळं पलीकडच्याला लागलीत, दोन्ही.” ती मुकाट्याने फुल्या मारत येत होती. सासऱ्यांनी लावलेली झाडं होती. त्यांनी कावडीने पाणी घालून ती वाढवलेली तिने पाहिली होती. तिच्या नखांत गेरू गेला होता.

अर्ध्यावर आल्यावर मी विचारलं, “तू हात का वर केलास?”

“कधी?”

“तुला माहितेय कधी. शिबिर जाईल म्हणून?”

“नाही.” तिने कुंचला डब्याच्या कडेला निपटला. “शिबिर काय, आज हे, उद्या दुसरं.”

“मग त्याचं खरं वाटलं तुला?”

“त्या माणसाचं?” ताई हसली. “कुंदे, मी या बनात वीस वर्षं काढलीत. झोपाळा हलला की आता मूळ करकरतं, ते मला तुझ्याआधी ऐकू आलं होतं. तू बोललीस तेव्हाच कळलं, तू बरोबर आहेस.”

“मग?”

“तू बरोबर असतेसच. लहानपणापासून. पण तू असं काही सांगतेस ना, की ऐकणाऱ्याला वाटतं, आपण चुकलो तरी चालेल, पण हिच्या बाजूला उभं राहायला नको.”

मी वाळूत बसलेलीच होते. उठले नाही.

“लोक मेले असते,” मी म्हटलं.

“हो. तेही वाटलं मला. म्हणून तर दुपारभर नारळ खवत बसले, कोणाला नको होते तरी. झोपायच्या वेळेला काहीतरी कारण काढून मी तंबू हलवणारच होते. साप निघाला म्हणून सांगितलं असतं. सापावर कोणी मतदान घेत नाही. पण तेव्हा, सगळ्यांसमोर, हात आपोआप वर गेला. आणि बरं वाटलं गं मला.”

हे बोलणं मला तेव्हा पटलं नाही. बरीच वर्षं झाली, आजही पटत नाही. एखादी गोष्ट खरी असेल, तर ती कोणी कशी सांगितली याने काय फरक पडतो? झाडाला तर पडला नसता. हे मी तिला म्हणणार होते. ती गेरूचा डबा धरून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी पुढच्या झाडाकडे वळले. फळी अजून लहान होती, नुसता पांढरा गोळा.

“ताई,” मी म्हटलं, “तुला वाईट वाटणार नसेल तर, म्हणजे मला असं वाटतं, की कदाचित या झाडाचाही आपण जरा—”

“बाई बाई बाई,” ताई म्हणाली. “हे तर त्याहून भयंकर आहे. राहू दे. तुझ्या नेहमीच्या तोंडाने सांग.”

“मेलंय ते,” मी म्हटलं.

तिने फुली मारली.